‘कवीला काय म्हणायचंय’ हे आधी बाजूला ठेवा

चोपड्याच्या एका वाचकाने विचारलंय: ‘वय एक्केचाळीस. कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेब बघतो. मुलीला तिच्या पुस्तकातली कविता समजावून द्यायला बसलो आणि माझंच घोडं अडलं. हे आपल्याकडून राहूनच गेलं असं वाटलं. एका मोठ्या कवीचा जाडजूड संग्रह विकत आणला, रोज रात्री दहा पानं वाचायची असं ठरवलं. आठवड्यात कंटाळलो. शब्द कळतात, पण हाती काही लागत नाही. गाणी मला आवडतात, मग कविता का नाही? या वयात ही गोडी लागते का? लागत असेल तर सुरुवात कुठून करू?’

लागते, भाऊ. मी नोकरीभर कॉलेजात मराठी शिकवलं आणि आता जळगावात मोठ्या माणसांसोबत कविता वाचत बसतो. कोणी एसटीतून निवृत्त झालेले, कोणी दवाखान्यात नर्स, कोणी केळी लावणारे. विशीतल्या पोरांपेक्षा चाळिशी ओलांडलेल्यांना कविता लवकर भिडते, हे माझं पक्कं मत झालंय. पोरांना परीक्षा असते. मोठ्यांच्या गाठीला कर्ज, आजारपण, लेकीचं लग्न, वाटणीची भांडणं असं बरंच काही असतं आणि कवितेला नेमकं तेच लागतं.

तुमची अडचण समजुतीची नाही. अडचण आहे ती वाचायच्या सवयीची, आणि ती सवय शाळेने लावली. ‘कवीला या ओळींतून काय म्हणायचे आहे?’ दोन गुण. ‘कवितेची मध्यवर्ती कल्पना तुमच्या शब्दांत लिहा.’ चार गुण. दहा वर्षं हे केलं की डोक्यात पक्कं बसतं की कविता म्हणजे कुलूपबंद पेटी, आत एक अर्थ ठेवलाय, किल्ली सरांकडे किंवा गाईडमध्ये. त्यात पुढे नोकरीत आपण वाचतो ती बिलं, नोटिसा, खाते उतारे. तिथे मुद्दा काढून घ्यायचा आणि कागद फाईलला लावायचा हेच शहाणपण. त्याच डोळ्याने कविता वाचली की डोळा ओळींवरून घसरत मुद्दा शोधतो, मुद्दा सापडत नाही आणि माणूस म्हणतो, मला कविता कळत नाही.

म्हणून तो प्रश्न काही महिने बाजूला ठेवा. त्याच्या जागी तीन साधे प्रश्न विचारा: कोण बोलतंय? कुठे उभं राहून? त्याला आधी काय दिसतंय आणि मग काय? याची उत्तरं कवितेतच असतात. गाईड लागत नाही, सर लागत नाहीत.

करूनच बघू. बालकवी आपल्या जिल्ह्यातले, जन्म 1890 चा, धरणगावचा. त्र्यंबक बापूजी ठोंबरे हे त्यांचं नाव. 1907 साली जळगावला कविसंमेलन भरलं होतं, तिथे या सोळा-सतरा वर्षांच्या पोराने कविता म्हटली आणि अध्यक्ष कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ म्हटलं, तेच नाव राहिलं. 1918 च्या मे महिन्यात भादली स्टेशनजवळ रूळ ओलांडताना गाडीखाली सापडून ते गेले, वयाची अठ्ठावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. त्यांची ‘औदुंबर’ ही कविता आठच ओळींची आहे:

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेऊन
निळासावळा झरा वाहतो बेटाबेटातुन.
चार घरांचे गाव चिमुकले पैल टेकडीकडे
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गर्दी पुढे.
पायवाट पांढरी तयातुनि अडवीतिडवी पडे
हिरव्या कुरणामधुनि चालली काळ्या डोहाकडे.
झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर.

या आठ ओळींवर समीक्षकांनी भरपूर शाई घातली आहे. कोणाला औदुंबरात विरक्त माणूस दिसला, कोणाला मृत्यू. ते सगळं तूर्त राहू द्या. आधी नुसतं बघा.

बोलणारा ‘मी’ इथे कुठेच नाही. फक्त एक नजर आहे. ती लांबून सुरू होते: झरा, पलीकडची टेकडी, तिच्याकडेचं गाव, मग शेतं. शेतांतून पायवाट निघते आणि त्या वाटेवरून नजर खाली खाली येत डोहाशी येऊन थांबते. आता रंग बघा. हिरवाळी, निळासावळा, हिरवी, पांढरी, पुन्हा हिरवं कुरण, मग काळा डोह, मग काळिमा. शेवटच्या ओळीशी रंगच संपतात. क्रियापदं बघा. झरा वाहतो, वाट चालते, काळिमा पसरतो. या सगळ्या चालत्या-वाहत्या गोष्टींच्या शेवटी एकच जण बसलेला आहे, तोही पाण्यात पाय सोडून.

हे आम्ही आमच्या बैठकीत वाचलं तेव्हा रावेरकडचे एक केळी बागायतदार बराच वेळ कागदाकडे बघत होते. म्हणाले, ‘सर, गाव आहे, वाट आहे, मळे आहेत. पण माणूस एकबी नाही.’ मी ही कविता वर्गात वर्षानुवर्षं शिकवलेली, विरक्ती आणि उदासीनता फळ्यावर लिहिलेली. माणूस नाही हे मात्र कोणा विद्यार्थ्याने कधी म्हटलं नव्हतं. मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. वाट अशी अडवीतिडवी का पडते? तर माणसं बांधाबांधाने जातात, उभं पीक तुडवत नाहीत. आणि ती पांढरी पडते तेव्हा त्या वाटेने पिढ्यान्‌पिढ्या पाय गेलेले असतात, तिथे गवत उगवत नाही. म्हणजे वाट माणसांनीच केली आणि माणसं दिसत मात्र नाहीत. त्यानंतर औदुंबर ‘बसला’ हे वाचताना अंगावर काटा आला, कारण अख्ख्या कवितेत माणसासारखं वागणारं ते एकच आहे. बघा, आम्ही अर्थ शोधला नव्हता. जे आहे ते नीट बघितलं, बाकीचं मागून आलं.

दुसरी गोष्ट, कविता तोंडाने वाचा. मोठ्याने. घरात लाज वाटत असेल तर गच्चीवर जा, शेतात जा, मोटारसायकलवर हेल्मेटच्या आत म्हणा, काही हरकत नाही. मनात वाचताना आपण वेग धरतो. तोंडाने वाचताना वेग कवितेचा असतो.

यासाठी बहिणाबाईंपासून सुरुवात करा, असं मी खानदेशातल्या प्रत्येकाला सांगतो. त्या आपल्याकडच्या आहेत म्हणून सांगत नाही. त्यांची कविता कागदावर जन्मलीच नाही म्हणून सांगतो. असोद्याला 1880 साली जन्म, जळगावच्या चौधरींकडे दिलेली लेक, लिहिता-वाचता न येणारी. घरोटावर म्हणजे जात्यावर, शेतात, चुलीशी काम करता करता त्या रचत आणि म्हणत. त्यांचा मुलगा सोपानदेव, स्वतः कवी, आणि घरातल्यांनी ते उतरून घेतलं. 1951 साली त्या गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि 1952 साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. म्हणजे ही कविता आधी तोंडात होती, मग कागदावर आली. तुम्हाला फक्त ती परत तोंडात घ्यायची आहे.

मन वढाय वढाय
उभ्या पिकातलं ढोर
किती हाकला हाकला
फिरी येतं पिकांवर

बोटावर मोजा. म-न-व-ढा-य-व-ढा-य, आठ अक्षरं. पुढची ओळ आठ. त्याच्या पुढच्या दोन्ही आठ. ओवी-अभंगाच्या घराण्यातली ही अष्टाक्षरी. ती तुमच्या कानाला नवी नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर बायका गातात, भादव्यात मुली भुलाबाईची गाणी म्हणतात, श्रावणात कानबाईपुढे रात्र जागते. लहानपणी हे कानावर गेलेलं असतं. पुण्या-मुंबईच्या पोरांना बहिणाबाईंच्या पानाखाली शब्दार्थ छापावे लागतात. तुम्हाला ‘मियते’ म्हणजे ‘मिळते’ हे कोणाला विचारावं लागत नाही, तुमच्या शेजारच्या लेवा घरातली आजी तसंच बोलते. आपल्याकडे अहिराणी, लेवा बोली, तावडी असं सगळं मिसळलेलं ऐकून कान तयार झालेला असतो आणि आपण मात्र कविता म्हणजे शुद्ध पुस्तकी काहीतरी असं समजून त्या कानाला दाराबाहेर ठेवतो. त्याला आत घ्या.

आता या ओळींत काय दिसतं ते बघा. उभ्या पिकात शिरलेलं ढोर ज्याने हाकललंय त्याला माहीत आहे: एका अंगाने बाहेर काढलं की ते बांधाला वळसा घालून दुसऱ्या अंगाने परत शिरतं. त्याला अक्कल नसते असं नाही. त्याला नेमकं ठाऊक असतं की हिरवं कुठे आहे. ‘हाकला हाकला’ दोनदा आहे, कारण काठी दोनदा उगारावी लागते. मन आवरण्याचे उपदेश आपण कीर्तनात पुष्कळ ऐकले. ही बाई उपदेश करत नाही, ती दमलेली आहे. बोलणारी शेताच्या बांधावर उभी आहे, हातात काठी आहे, हे एकदा दिसलं की पुढचं सगळं कडवं-कडवं उलगडत जातं. मग मन लाटा होतं, विंचू-सापापेक्षा विषारी होतं, पाखरू होऊन भुईवरून आभाळात जातं, खसखशीच्या दाण्याएवढं होतं आणि आभाळातही मावेनासं होतं. शेवटी ती थेट देवाला धारेवर धरते, की जागेपणी तुला असं स्वप्न पडलं तरी कुठे? ढोर हाकलण्यापासून निघालेली बाई देवाची उलटतपासणी घेण्यापर्यंत पोचते. मधला रस्ता तुम्हीच चालून बघा, मी सांगितला तर मजा जाईल.

तुम्ही विचारलंत, गाणी आवडतात मग कविता का नाही. साधा हिशेब आहे, तुमच्या धंद्यातला. आवडतं गाणं तुम्ही निदान पन्नास वेळा ऐकलंय. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अर्धे शब्द कळलेही नव्हते, तरी चाल तोंडात बसली, मग हळूहळू शब्द सापडले. कवितेला तुम्ही एक वाचन देता, तेही झोपेला आल्यावर, दहा पानांच्या कोट्यात. पन्नास वेळा नको, दहा वेळा द्या. आणि गाणी-कविता असा फार फरकही करू नका. ना. धों. महानोरांची ‘जैत रे जैत’मधली गाणी तुम्हाला पाठ असतील. तेच महानोर अजिंठ्याच्या पायथ्याला पळसखेड्यात शेती करत कविता लिहीत होते. त्यांचा ‘रानातल्या कविता’ हा संग्रह 1967 चा, पातळसा आहे. गाणी येत असतील तर तिथे तुम्हाला दार उघडंच मिळेल. ज्वारी-कपाशीचं रान ज्याने पाहिलंय त्याला तर फारच.

आता त्या जाडजूड संग्रहाचं. समग्र कविता ही वस्तू अभ्यासकांसाठी असते. ती पहिल्या पानापासून सलग वाचायला घेणं म्हणजे भाकरीशिवाय ठेचा खाणं. कवीनेसुद्धा त्या कविता तीस-चाळीस वर्षांत लिहिलेल्या असतात, तुम्ही त्या महिन्यात संपवायला निघालात. मी सांगतो तसं करून बघा: आठवड्याला एक कविता. हाताने लिहून काढा, टाईप करू नका. लिहिताना हात प्रत्येक शब्दापाशी थांबतो, एरवी डोळा उडी मारतो. तो कागद खिशात ठेवा. सकाळी एकदा, रात्री एकदा मोठ्याने. शनिवारपर्यंत निम्मी पाठ होते, न ठरवता. पाठ झालेली कविता मग जिनिंगमध्ये, रांगेत, एसटीत आपली आपण आठवते आणि एखाद्या ओळीचा अर्थ तिथेच लागतो, पुस्तकापाशी बसून लागला नसता. अमुक ओळ कळली नाही तर खूण करून पुढे जा. मला स्वतःला काही कवितांच्या काही ओळी अजून लागलेल्या नाहीत आणि त्या कविता मला प्रिय आहेत.

नाही आवडली तर? सोडून द्या. चार वाचनं देऊनही काही हललं नाही तर ती कविता तुमची नाही, निदान आत्ता नाही. कवी मोठा असला म्हणून आवडलीच पाहिजे असा काही सरकारी आदेश नाही. भा. रा. तांब्यांच्या बऱ्याच कविता मला जास्त गोड होतात, हे मी मराठीचा प्राध्यापक असून सांगतो. तुमची नावड जितकी स्पष्ट, तितकी आवड लवकर सापडते.

अवघड कवितांचं वेगळं सांगायला हवं. कोणीतरी तुम्हाला सांगेल, मर्ढेकर वाचल्याशिवाय आधुनिक कविता वाचलीच नाही. खरं आहे, पण तिथून सुरुवात करू नका. (हेही आपलेच बरं का. जन्म फैजपूरचा, 1909 चा. त्याच फैजपुरात त्याआधी केशवसुत शिक्षक होते. ज्यांच्यापासून आधुनिक मराठी कविता सुरू होते असं मानतात ते, आणि ज्यांनी तिला पुढचं वळण दिलं ते, दोघांनाही त्या एकाच गावाचं पाणी लागलंय. फैजपूरच्या केळीचा भाव सगळ्यांना ठाऊक असतो, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही.) मर्ढेकरांच्या 1947 च्या ‘काही कविता’ या संग्रहावर अश्लीलतेचा खटला झाला होता, त्यातून ते निर्दोष सुटले. त्यांची ती प्रसिद्ध ओळ घ्या, ‘पिपांत मेले ओल्या उंदिर, माना पडल्या, मुरगळल्याविण’. अर्थ विचारलात तर तासभर भांडण होईल. पण मोठ्याने म्हणा आणि ठेका धरा. सोळा-सोळा मात्रांची, लहान मुलांच्या बडबडगीतासारखी सरळ चाल आहे आणि त्या चालीत मेलेले उंदीर आहेत. चाल खेळकर, चित्र ओंगळ. हा विसंवाद कानाला आधी टोचतो, अर्थ मागून येतो. म्हणजे अवघड कवितेलाही तेच तीन प्रश्न आणि तेच तोंड लागतं, फक्त धीर जास्त. वर्षभर वाचून झाल्यावर तिथे जा.

मुक्तछंदाला घाबरू नका. यमक नाही, मात्रा नाहीत, मग ही कविता कशी, असं मनात येईल. ओळ जिथे तोडली आहे तिथे खरोखर थांबून वाचा. ते थांबणं काढून टाकून, गद्यासारखं सलग वाचल्यावर काही गेल्यासारखं वाटलं, तर तोडणाऱ्याला काम येत होतं. काहीच गेलं नाही तर तुमची शंका बरोबर होती.

मोबाईलवर सकाळी फुलांच्या फोटोवर येतात त्या कवितांपासून जपून. वाईट असतात म्हणून नाही, काही चांगल्याही असतात. पण खाली कुसुमाग्रज किंवा बहिणाबाई असं नाव दडपून चिकटवलेलं असतं आणि ती कविता त्यांची नसते. बहिणाबाईंच्या नावावर येणाऱ्या ओळींची अक्षरं मोजा, बोली तपासा, पुष्कळदा तिथेच लबाडी उघडी पडते. नवीन कवी वाचायचे असतील तर नियतकालिकं बघा. आपल्याच धुळ्याहून पुरुषोत्तम पाटलांनी 1985 साली ‘कविता-रती’ सुरू केलं, फक्त कवितेला वाहिलेलं. जुने अंक जिल्ह्याच्या वाचनालयांत बघायला मागा. एका अंकात वीस-पंचवीस कवी भेटतात, त्यातला एखादा तुमचा निघतो आणि मग त्याचाच पातळ संग्रह शोधायचा. जाड नाही, पातळ.

एकट्याने होत नसेल तर एक माणूस गाठा. बैठक, मंडळ, अध्यक्ष, सतरंज्या यांची गरज नाही. जिनिंगमध्ये दुपारचा डबा खाताना एकाने वाचायची, दुसऱ्याने नुसतं सांगायचं की काय दिसलं. ‘वा वा’ करायचं नाही, एवढा एकच नियम ठेवा. ‘वा’ म्हटलं की बोलणं तिथेच थांबतं.

आणि मुलीचं. तिला परीक्षेसाठी ‘मध्यवर्ती कल्पना’ लिहावी लागेलच, गाईडही लागेल, माझी त्याला ना नाही. पण गाईड उघडण्याआधी कविता तिच्याकडून दोनदा मोठ्याने वाचून घ्या आणि तुम्ही एकदा वाचून दाखवा. मग तिला विचारा, कोण बोलतंय, कुठे उभं राहून. ती जे सांगेल ते पेन्सिलीने समासात लिहायला लावा, चूक-बरोबर करू नका. ती अडली तर आणि तुम्हीही अडलात तर सरळ सांगा, बेटा, ही ओळ मलाही लागली नाही, उद्या परत वाचू. आणि उद्या खरोखर वाचा.